माथ्यावर पाय न ठेवता: माउंगाकीएकीएवर नकाशा घेऊन धावताना

पाऊलवाट
ऑकलंड

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. गेल्या बुधवारी संध्याकाळी लेकीला घेऊन ओरिएंटियरिंगच्या एका स्पर्धेत धावले. चार दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढते.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिट्टी वाजायच्या मिनिटभर आधी हातात नकाशा मिळतो. त्यावर जांभळी वर्तुळं असतात. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध जमिनीवरची एक नेमकी जागा असते: भिंतीचा कोपरा, एकटं झाड, पायऱ्यांचा तळ. तिथे पोचायचं, नोंद करायची, पुढे सुटायचं. वाट कुणी आखून दिलेली नसते, ती आपली आपण शोधायची. आमची स्पर्धा गुणांची होती. वेळ एक तास. जवळच्या बिंदूंना कमी गुण, लांबच्या आणि चढावरच्यांना जास्त, आणि उशिरा परतलात तर मिनिटागणिक गुण कापणार. सगळे बिंदू होत नाहीत कुणाचेच. काय सोडायचं हे ठरवण्यातच अर्धा खेळ असतो.

आता जागेबद्दल, कारण खरं सांगायचंय ते जागेबद्दलच.

ऑकलंड ज्वालामुखींवर वसलंय. शहरात आणि आसपास मिळून ते पन्नासहून जास्त आहेत. त्यातला सगळ्यात नवा म्हणजे खाडीतला रांगितोतो, सुमारे ६०० वर्षांपूर्वी उसळलेला. तेव्हा माओरी माणसं शेजारच्याच मोतुतापू बेटावर राहत होती. त्या राखेत त्यांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडलेत. पुण्यात घरांच्या गर्दीतून जशा टेकड्या वर येतात तशाच इथेही येतात, पण इथल्या गोल, गवताळ, वरून खोलगट. माओरी भाषेत डोंगराला माउंगा म्हणतात आणि या डोंगरांना तूपुना माउंगा, म्हणजे पूर्वज-डोंगर. हे नुसतं कौतुकाने दिलेलं नाव नाही. माओरी माणूस रीतीप्रमाणे ओळख करून देतो तेव्हा आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग कूळ. स्वतःचं नाव अगदी शेवटी. माझं माहेर कोल्हापूरचं. लहानपणी एस्टीतून ज्योतिबाचा डोंगर दिसला की आजी बोलता बोलता थांबायची, हात जोडायची, आणि मग वाक्य पुरं करायची. मला ते लगेच कळलं.

आम्ही धावलो तो माउंगाकीएकीए, इंग्रजी नाव वन ट्री हिल. उंची १८२ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने टेकाडच. पण त्याच्या अंगावर आजही मोठमोठ्या पायऱ्या कोरलेल्या दिसतात. घरं बांधायला, राखण करायला आणि अन्न साठवायला माणसांनी हातांनी आणि लाकडी हत्यारांनी केलेले हे टप्पे. तटबंदी केलेल्या अशा वस्तीला पा म्हणतात, आणि हा या भागातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. पुढे वसाहतीच्या काळात डोंगर हातातून गेले. काही तर खाणींनी खाऊन टाकले, रस्ते आणि लोहमार्ग घालायला. ते तातुआ-आ-रिउकिउताची तीन मोठी शिखरं होती, आज एकच उभं आहे. रारोतोंगा नावाचा डोंगर होता, तिथे आता स्टेडियम आहे. २०१४ च्या कायद्याने १४ डोंगर १३ इवी आणि हापूंना, म्हणजे जमाती-कुळांना, परत मिळाले, ते सगळ्या ऑकलंडकरांसाठीही खुले राहतील या अटीसह. त्यांचा कारभार आता माओरी प्रतिनिधी आणि नगर परिषद मिळून पाहतात.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी, या खेळात नवी असताना, एका दुसऱ्या माउंगावर धावत होते. पुढचा बिंदू वरच्या टप्प्यावर होता. वाट वळसा घालून जात होती, मी सरळ बांध चढले. पायाखालची माती सुटली आणि त्यातून शिंपल्यांचे पांढरे तुकडे घरंगळत खाली आले. मी तशीच पळत राहिले. वर फिरायला आलेल्या एक आजी होत्या, त्यांनी हात करून थांबवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ते शिंपले इथे जेवलेल्या माणसांचे आहेत. समुद्रावरून टोपल्या भरून वर आणलेले, खाऊन टाकलेले. एवढंच बोलून त्या गेल्या. नकाशावर त्या बांधाला काहीच खूण नव्हती, आयोजकांनीही आधी काही सांगितलं नव्हतं. पण पाय माझा होता. त्यानंतर वर्षभर मी कुठल्याच माउंगावर धावले नाही.

म्हणून गेल्या बुधवारी नकाशा हातात आला तेव्हा आधी तेच पाहिलं. सगळे टप्पे, सगळे बांध जांभळ्या तिरप्या रेघांनी झाकलेले, म्हणजे प्रवेश बंद. माथ्यावर, ज्याला तिही म्हणतात, एकही बिंदू नाही. विवरांत एकही नाही. सगळ्यात वरचा बिंदू जुन्या डांबरी रस्त्याच्या वळणावर. जमिनीत खुंटी किंवा सळई कुठेच ठोकलेली नव्हती. इथे १९०० च्या आधीच्या मानवी वावराच्या जागी परवानगीशिवाय खोदकाम किंवा फेरफार केला तर तो गुन्हा आहे. काही ठिकाणी मोबाइलच नोंद घेत होता, काही ठिकाणी तिथलीच एखादी गोष्ट मोजून उत्तर लिहायचं होतं: पायऱ्या किती, फाटकाला आडव्या पट्ट्या किती.

सुरुवातीला एका माओरी आजोबांनी कराकिया म्हटली, म्हणजे प्रार्थना, आणि दोन मिनिटं बोलले. म्हणाले, माणसाचं डोकं आमच्यात तापू, म्हणजे पवित्र आणि स्पर्शाला वर्ज्य. म्हणून उशीवर कुणी बसत नाही. माथा हे डोंगराचं डोकं. वर जायचं तर शर्यत संपल्यावर जा, चालत जा, तिथे काही खाऊ नका. माझ्या लेकीने माझ्याकडे पाहिलं. सातवीतली पोर, पण पुस्तकाला पाय लागला की आजही वाकून नमस्कार करते. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पहिली २० मिनिटं कॉर्नवॉल पार्कात गेली. जॉन लोगन कॅम्पबेल या व्यापाऱ्याने १९०१ मध्ये शहराला दिलेली ही बाग, डोंगराला चिकटूनच. काळ्या दगडाच्या सुक्या भिंती, वाळलेलं पिवळं गवत, मेंढ्या. ऑलिव्हच्या राईत एक बिंदू चटकन मिळाला. १८४१ चं लाकडी घर आहे, अकेशिया कॉटेज, तिथे दुसरा. मग चढ सुरू झाला.

पावणेआठच्या सुमाराला सूर्य खाली आला होता. आम्ही पश्चिमेच्या उतारावरच्या पायवाटेने निघालो होतो, लेक पुढे. अचानक थांबली. म्हणाली, आई, जमिनीत खोल्या आहेत. मी पाहिलं. उन्हं तिरपी झाली आणि दुपारी सपाट दिसणाऱ्या उतारावर सावल्या उमटल्या. चौकोनी खळगे, एकाशेजारी एक, कडा अजून सरळ. दोन-तीन पावलं लांब, पाऊण पाऊल खोल. आत गवत थोडं जास्त हिरवं. हे रुआ, कूमरा साठवायचे खड्डे. कूमरा म्हणजे रताळं. उष्ण प्रदेशातलं पीक, इथल्या हिवाळ्यात जमिनीत ठेवलं तर कुजतं. म्हणून कोरड्या, निचरा होणाऱ्या ज्वालामुखीच्या मातीत खड्डा खणून वर छप्पर घालायचं आणि बेणं पुढच्या हंगामापर्यंत जपायचं. मी तिला म्हटलं, ही पेवं आहेत गं. आपल्याकडे जोंधळा ठेवायचे तशी. तो शब्द तिला माहीत नव्हता. मीही कितीतरी वर्षांनी तोंडाने उच्चारला.

तिथे आमची सात मिनिटं गेली. वरच्या वळणावरचा ४० गुणांचा बिंदू सोडावा लागला. लेकीने तक्रार केली नाही, आणि माझ्यासाठी हेच त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं.

घरी आल्यावर तिने मोबाइलवर आमचा माग काढला. डोंगराच्या सगळ्या बाजूंनी गेलेली वाकडीतिकडी रेघ, मधे माथा मोकळा. तिने ती बोटाने गिरवली आणि म्हणाली, आई, ही प्रदक्षिणा झाली. मार्ग आखणाऱ्याला हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्याने बिंदू असे ठेवले होते की एक तास धावणारा माणूस डोंगराभोवती फिरतो, डोक्यावर चढत नाही.

मला इथल्या धावणाऱ्यांना आणि भटक्यांना विचारायचंय: आपल्या टेकड्यांवर, गडांवर असा मार्ग आखायचा झाला तर बिंदू कुठे ठेवाल? आणि त्याहून महत्त्वाचं, कुठे ठेवणार नाही?

---

आबोली

सुंदर लिहिलंय. जमिनीतल्या खोल्या डोळ्यांसमोर आल्या. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

कृष्णाकाठ
सांगली

पाऊलवाट ताई, पेव शब्द वाचला आणि थांबलोच. आमच्याकडे सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल इतकं, आणि खाली आत रुंद होत गेलेली पोकळी, रांजणासारखी. तिथली माती अशी घट्ट की पाणी पाझरत नाही. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची, वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते, हे पोरासोरांनाही पढवलेलं असायचं. महापुरात बरीच निकामी झाली. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही, मोकळं मैदान वाटतं.

तुमच्या लेकीने जे पाहिलं ते आमच्या गावच्या पोरांना दाखवायला कुणी नाही. नकाशावर पेव दाखवायला काही खूण असते का हो?

---

नकाशेवाला
मेलबर्न

कृष्णाकाठ, असते. मी गेली १२ वर्षं हौसेने ओरिएंटियरिंगचे नकाशे काढतो, म्हणून उत्तर देतो. छोट्या खळग्याला तपकिरी अर्धगोल, वर तोंड केलेला. खड्ड्याला तपकिरी इंग्रजी व्ही. बांधाला तपकिरी रेघ आणि उताराच्या बाजूला बारीक दाते. तपकिरी म्हणजे जमिनीचा आकार, निळं म्हणजे पाणी, काळं म्हणजे खडक आणि माणसाने बांधलेलं. पिवळं म्हणजे उघडं रान. आणि पांढरं म्हणजे झाडी, ज्यातून पळता येतं. नवख्यांची यातच गफलत होते.

पण या खुणांत एक अडचण आहे, आणि पाऊलवाट यांच्या शिंपल्यांच्या प्रसंगात नेमकी तीच झाली. आमच्या खुणा एकच प्रश्न विचारतात: इथून पळता येईल का? पेव असो की नांगरटीत पडलेला खड्डा, खूण तीच. पाचशे वर्षांचा बांध आणि गेल्या वर्षी जेसीबीने केलेला बांध यांना दाते सारखेच. म्हणजे जमिनीचा आकार नकाशात शिरतो पण तो कुणाच्या हातचा आहे हे बाहेर राहतं. ते आत आणायचं काम मार्ग आखणाऱ्याचं, आणि त्याच्याकडे मुख्य हत्यार एकच: बिंदूची जागा.

हे जरा सविस्तर सांगतो. धावणारा माणूस दोन बिंदूंच्या मधे सरळ रेघ शोधतो. सूचना कितीही द्या, घड्याळ चालू झालं की डोकं सरळ रेघेत चालतं. त्यामुळे दोन बिंदूंच्या मधे नाजूक जागा येत असेल तर रेघा मारून ती बंद करणं हा दुसरा उपाय. पहिला उपाय म्हणजे बिंदू असे हलवा की सरळ रेघ पायवाटेवरूनच जाईल. गुणांच्या स्पर्धेत हे आणखी अवघड, कारण कोण कुठून कुठे जाईल हे आधी कळत नाही. २० बिंदू असतील तर जोड्या १९०. मी प्रत्येक जोडीवर पट्टी ठेवून बघतो. वेळखाऊ आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

तुमच्या आखणाऱ्याने बिंदू डोंगराच्या घेरावर ठेवले आणि माथा मोकळा सोडला. समोरासमोरचे दोन बिंदू जोडले तर सरळ रेघ माथ्यावरून जाते, म्हणून तिथे रेघा मारून बंद. शेजारशेजारचे दोन जोडले तर रेघ पायवाटेजवळून. फार विचाराने केलेलं काम आहे. त्याला माझा दंडवत कळवा.

अवांतर: तुम्ही खेळलात त्याचा दीर्घ प्रकार म्हणजे रोगेन, तो इथलाच, व्हिक्टोरिया राज्यातला, १९७६ चा. पूर्ण स्वरूपात २४ तास चालतो. रॉड, गेल आणि नील या तिघांच्या नावांची अक्षरं जोडून नाव झालंय.

---

जाईजुई
ऑकलंड

मी पण इथलीच. लेख आवडला, पण दुसरी बाजू मांडते, राग मानू नये.

माझे आईबाबा दर दोन वर्षांनी येतात. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. पूर्वी माउंगाफाउच्या, म्हणजे माउंट ईडनच्या, माथ्यापर्यंत गाडी जायची. तिथून दोन्ही बाजूंचे समुद्र एकदम दिसतात, बाबा तासन्‌तास बसायचे. २०१६ पासून गाड्या बंद. नंतर इतर डोंगरांवरही. जमीन परत मिळाली हे न्यायाचंच झालं, मला त्यात शंका नाही. पण बाबा खालच्या बाकावर बसतात आणि आम्ही वर जाऊन त्यांना फोटो दाखवतो, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. आणि त्याच डोंगरावर शेदोनशे माणसं पळतात हे वाचलं की प्रश्न पडतो. ज्याला पळता येतं त्याला डोंगर मोकळा, ज्याला चालता येत नाही त्याला बंद?

---

पाऊलवाट

जाईजुई, राग कसला? तुमचं म्हणणं टाळून पुढे जाण्यासारखं नाहीच.

एक माहिती आधी: चालायला त्रास असलेल्यांसाठी फाटक उघडून घ्यायची सोय आहे, आधी विचारून ठेवावं लागतं. माझ्या सासूबाईंना आम्ही तसंच नेलं होतं. त्या दिवशी वर गर्दी नव्हती, पर्यटकांच्या बस नव्हत्या, इंजिनं चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाड्या नव्हत्या. सासूबाई अर्धा तास बसल्या आणि म्हणाल्या, इथे बोलावंसंच वाटत नाही. बाबांना पुढच्या वेळी नक्की न्या. काही अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी बरोबर येईन.

आता पळण्याचं. मी तुमच्याइतकाच विचार करत होते, म्हणून तर वर्षभर थांबले. आजही मला वाटतं की माथ्यावर बिंदू असता तर मी नकाशा परत देऊन घरी आले असते. डोंगराच्या अंगावर कुठे पाय पडावा हे ज्यांचा डोंगर त्यांनी ठरवायचं, आणि या वेळी ते त्यांना विचारून ठरलं होतं. आधी कराकिया, मग नियम, मग नकाशा, याच क्रमाने. दोन वर्षांपूर्वी नकाशा आधी आला होता आणि बाकीचं आलंच नव्हतं.

नकाशेवाला, दंडवत पोचवते. जोड्यांवर पट्टी ठेवण्याचं वाचून मला त्या बंद रेघांचा खरा अर्थ कळला. मी त्यांना फक्त मनाई समजत होते.

---

सातारी_चढण

मी घाटात पळणारा माणूस. यवतेश्वरच्या चढावर लहानाचा मोठा झालो म्हणा ना. तरी स्पष्ट सांगतो, गडांवर हा खेळ नको.

कारणं देतो. २०२५ च्या जुलैत मराठ्यांची लष्करी स्थळं जागतिक वारसा यादीत आली. १२ किल्ले, त्यातले ११ आपले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आनंद झालाच. पण त्यानंतर एका गडावर गेलो तर वाटेच्या दोन वळणांच्या मधे पावसाने केली नाही इतकी घळ माणसांनी केलेली. सगळे सरळ रेघेतच उतरतात, घड्याळ नसतानाही. जोत्यांवर बसून डबे, टाक्यांत बाटल्या. गडावर वाड्याचं जोतं आणि साधा दगडांचा ढीग यातला फरक रोज जाणाऱ्यालाही चटकन कळत नाही. पळणाऱ्याला कसा कळणार? नकाशेवाला दादांनी तेच सांगितलंय, खूण एकच.

कासचंही तसंच. फुलं नसतात तेव्हा लोकांना तो नुसता कातळ वाटतो. त्या दोन बोटं मातीत पुढच्या पावसाळ्याची सगळी तयारी झोपलेली असते. एक बूट पुरतो.

पळायला डांबरी रस्ते आहेत, घाट आहेत. जिथे चालतानाही खाली बघावं लागतं तिथे पळू नये, असं माझं मत.

---

आबोली

सातारी_चढण यांच्याशी सहमत. पण मग मुलांना गड वाचायला कसा शिकवायचा? सहलीत पन्नास पोरं गाइडच्या मागे उभी राहतात आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. नकाशा हातात असलेल्या त्या मुलीला पेवं दिसली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

---

पाऊलवाट

सातारी_चढण, तुमच्याशी भांडावंसं वाटत नाही, कारण बांधावर चढलेली मीच आहे.

गडावर पळू नये हे मला पटतं. पण नकाशा आणि बिंदू यांना पळणं लागतंच असं नाही. त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी होते. पायथ्या-पायथ्याने, चालत. रायगडाचीही प्रदक्षिणा लोक घालतात, गडावर न चढता. आपल्याकडे डोंगराला मान द्यायची रीत कधीपासून आहे, ती वर चढण्याची नाही, भोवती फिरण्याची आहे. त्या वाटेवर बिंदू ठेवले तर? घड्याळ काढून टाका. गुण वेगाचे न देता पाहण्याचे द्या. बुरूज कुठल्या बिंदूवरून पहिल्यांदा दिसतो, ओढा कुठे वाटेला आडवा जातो, इथून दरवाजा का दिसत नाही. शेवटचा प्रश्न तर लहान मुलांना विचारून बघा. रायगडाचा महादरवाजा जवळ जाईपर्यंत बुरुजांच्या आड लपलेला असतो, हे पाठ करण्यापेक्षा नकाशात शोधून सापडलं की जन्मभर राहतं.

---

सातारी_चढण

घड्याळ काढलंत तर मी तुमच्याबरोबर आहे. पायथ्याच्या फेरीला माझी हरकत नाही. पण गावकऱ्यांना आधी विचारा. वाट त्यांच्या शेतातून जाते, आणि भातलावणीच्या दिवसांत बांधावरून गेलात तर शिव्या खाल, त्याही योग्यच.

---

टेकडीकर
पुणे

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. पाऊलवाट ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर करून बघावं म्हणतो.

मी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो. पहाटे वर असतो. ही पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी, माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ, आणि पलीकडे जुनी दगडाची खाण, जिच्यात पाणी साठतं. तुमच्या त्या तीन शिखरांपैकी दोन खाणीत गेली हे वाचलं तेव्हा मला आमची खाणच दिसली. पुणं बांधायला टेकडी किती खर्ची पडली, हे त्या काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आधी पर्वती डोळ्यांसमोर होती, पण पायऱ्यांवर म्हातारी माणसं दर्शनाला येतात, तिथे पोरं पळवणं बरं दिसणार नाही. वेताळ टेकडीवर सोसायटीतल्या मुलांना घेऊन छोटा प्रयोग करायचा विचार आहे. चालत, गुण पाहण्याचे. मुलं दहा-बारा असतील. दहा बिंदू काढलेत. देवळाजवळ एकही नाही. नकाशेवाला दादा, जोड्या ४५ झाल्या, पट्टी ठेवून बघतोय. काही सुचवाल?

---

नकाशेवाला

टेकडीकर, उत्तम. तीन गोष्टी. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा असेल, मुलं नेण्याआधी लेखी विचारा. बिंदूला फीत, रंग, कागद काहीही बांधू नका, तिथे आधीपासून असलेलीच वस्तू घ्या. आणि नकाशा छापायच्या आधी रोज वर येणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाला दाखवा. उपग्रहाच्या चित्रात न दिसणारं त्याला माहीत असतं. मी प्रत्येक नकाशासाठी असा माणूस शोधतो.

---

कृष्णाकाठ

आणि हरिपूरला या कुणीतरी नकाशा घेऊन. जी पेवं उरलीत ती दाखवणारे अजून आहेत.

---

पाऊलवाट

कृष्णाकाठ, डिसेंबरात कोल्हापूरला येतेय. लेकीला घेऊन येते. तिनेच आत्ता मागून वाचून सांगितलं की लिही.

टेकडीकर, काय झालं ते नक्की कळवा.

---

टेकडीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय.

परवानगीचं काम चालू आहे, अजून हातात कागद नाही. तोवर मुलांशिवाय, एकटाच दहाही बिंदू फिरून आलो. नकाशेवाला दादांनी सांगितल्याप्रमाणे माणूसही शोधला. एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढे, रोज काठी टेकत येतात. त्यांच्यापुढे नकाशा धरला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि सातव्या बिंदूवर बोट ठेवलं. खाणीच्या पलीकडचा उघडा माळ, मी तिथला एक मोठा दगड घेतला होता. म्हणाले, इथे नको.

घेऊन गेले. माळावर पाऊल टाकायच्या आधीच टिटवी ओरडायला लागली, डोक्यावरून घिरट्या. आजोबा थांबले, मलाही थांबवलं. चार अंडी होती, उघड्या खडीवर, खडीच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. दोन पावलांवर उभा राहूनही मला दिसेनात. त्यांनी लांबूनच काठीने दाखवली तेव्हा दिसली. दरवर्षी याच माळावर घालते, म्हणाले. मी १५ वर्षं तिथून पळत गेलोय.

सातवा बिंदू खाणीच्या अलीकडच्या काठावर, बाकाजवळ आणलाय. तिथून तो माळ दिसतो. प्रश्नही बदललाय: समोरच्या माळावर टिटवी कुठून ओरडते ते ऐका आणि नकाशावर खूण करा. गुण आधी होते तेवढेच ठेवलेत.